सातवी शेळी

१९८६ सालचा मार्च महिना. शनिवारची दुपार. डॉ. वासुदेव भडभडे डोळे मिटून, हाताची घडी घालून खुर्चीत बसले होते आणि टेपरेकॉर्डरमधून एका शेळीच्या हृदयाचे ठोके खोलीभर वाजत होते.

"दोन नंबर," सर म्हणाले.

"सर, अजून नीट सुरूसुद्धा झालं नाही," मी म्हटलं.

"पुरे झालं. दुसरा ठोका जरा फाटका येतो, जुनी सतरंजी झटकल्यासारखा. दोन नंबरच. काय मुजावर?"

दाराशी उभे असलेले मुजावरचाचा म्हणाले, "चंपी हाय, साहेब."

"चंपी नाही. दोन नंबर."

"दोन नंबरची चंपी."

हा आमचा दर शनिवारचा खेळ होता. मिरजेपुढे, दंडोबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका माळावर एका ट्रस्टची छोटीशी संशोधन संस्था होती. खाली चार खोल्यांची प्रयोगशाळा, वर चढावर शेळ्यांची शेड, आणि शेडच्या अलीकडे सरांचं घर. सर मूळचे जनावरांचे डॉक्टर. पुढे हृदयाच्या नादी लागले ते लागलेच. मी त्यांची साहाय्यक. मुजावरचाचा शेळ्यांचं सगळं बघायचे. सरांनी शेळ्यांना नंबर दिले होते आणि चाचांनी नावं, आणि दोघंही आपापल्या ठिकाणी ठाम होते.

ठोके टेप करायला आमच्याकडे मायक्रोफोन बसवलेला एक स्टेथोस्कोप होता, लहरी. कधी चालायचा, कधी नुसता खरखरायचा. शेळी काही आपली मशीन दुरुस्त होईपर्यंत गप्प उभी राहत नाही, म्हणून तो आधी माणसाच्या छातीला लावून बघायचा अशी आमची पद्धत. तो माणूस म्हणजे सर. शर्टाची वरची बटणं काढून ते ऐटीत पुढे येत.

"माझं हृदय म्हणजे मिरज जंक्शनचं घड्याळ. त्यावर मशीन लावून घ्या," म्हणत.

मी टेपरेकॉर्डरच्या सुईकडे बघायची. सुई हलली की मायक्रोफोन ठीक. मग वर शेडमध्ये जायचं. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला असे सरांचे ठोके असायचे आणि शनिवारी ऐकताना आम्ही ते पुढे पळवायचो. तिथे ऐकण्यासारखं काही नसतं, हे आम्ही तिघांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

आता प्रयोगाचं सांगते. शेळीच्या मानेच्या कातडीखाली काडेपेटीएवढा पेसमेकर बसवायचा. त्याची तार शिरेतून हृदयात. वरून चुंबक फिरवला की पेसमेकर चालू, पुन्हा फिरवला की बंद. चालू केला की हृदय पळायला लागायचं, आणि शेळी बसलेली असो, झोपलेली असो, पळतच राहायचं. आठवडे गेले की ते दमायचं, ढिलं पडायचं, फुगायचं. शेळी चारा टाकायची, धापा टाकायची. ठोक्यांत तिसरा एक आवाज यायला लागायचा, घोडं दुडक्या चालीनं चालावं तसा. मग चुंबक फिरवून पेसमेकर बंद करायचा. आणि इथे सरांचे डोळे चमकायचे. कारण नुसतं पळणं थांबवलं की ते मोडलेलं हृदय हळूहळू आपलं आपण सावरायचं.

"उलटं फिरतं, बाई," सर म्हणायचे. "पुस्तकं म्हणतात, गेलेलं हृदय परत येत नाही. ही बकरी म्हणते, येतं. मला पुस्तकांपेक्षा बकरीचं जास्त पटतं."

ते कसं येतं, हे त्यांना शोधायचं होतं. एकदा त्यांच्या पत्नीला, सुलभावहिनींना, ते समजावत होते. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या.

"हे बघ, हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या दाराला घंटा असते. शरीराला घाई असली की रक्तातून निरोप्या येतो, घंटा वाजवतो, पेशी जोरात कामाला लागते. पण निरोप्या दिवसरात्र घंटा बडवत राहिला तर? घरातली माणसं काय करतील?"

"घंटा काढून ठेवतील," वहिनी म्हणाल्या.

"शाबास. पेशी तेच करते. मग कितीही निरोप येवोत, हृदय ढिम्म. आता मला बघायचंय की विश्रांती मिळाल्यावर ती घंटा परत दाराला लागते का."

वहिनींनी डब्याचा खालचा पुडा उघडून पोळ्या मोजल्यासारखं केलं. "हे समजायला शेळ्या कशाला हव्यात? आमच्या घरी या. पस्तीस वर्षं हाका मारतेय. यांनी घंटा कधीच काढून माळ्यावर टाकलीय."

मी हसले. चाचा भिंतीकडे तोंड करून हसले. सर नेहमीप्रमाणे ऐकलं नाही असं दाखवून शेंगदाण्याची चटणी शोधू लागले.

घंटा मोजायच्या तर हृदयाचा तुकडा हवा. म्हणून सहापैकी तीन शेळ्या दमलेल्या अवस्थेत कापल्या गेल्या होत्या. त्या दिवसांत चाचा रजेवर जायचे आणि परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. उरलेल्या तीन, म्हणजे चंपी, रेश्मा आणि गुलछडी, यांचे पेसमेकर फेब्रुवारीतच बंद केले होते. त्या आता चांगल्या उड्या मारत होत्या, आणि पाडव्यानंतर दिल्लीहून आमचं काम तपासायला समिती येणार होती, त्याच्या आत कापायची पाळी त्यांची होती.

"साहेब, एक इचारू?" चाचांनी त्या शनिवारी विचारलंच. "चंपी बरी झाली का न्हाई?"

"झाली. ठोके ऐकलेत ना तुम्ही."

"मग कापायची कशापायी?"

"बरी झालीय हे कळायला."

"कापल्यावर ती बरी कुठं ऱ्हायली?"

सरांनी चष्मा पुसला. "मुजावर, बाहेरून बरं दिसणं वेगळं. आतून बघितल्याशिवाय खात्री देता येत नाही."

चाचांनी मान डोलावली. हे वाक्य त्यांनी कमरेला लावून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर आम्ही शेडकडे निघालो. चढ असा काही मोठा नाही. मधे बोगनवेलीचा एक मांडव होता. सर त्याच्यापाशी थांबले.

"काय रंग आहे बघा," म्हणाले.

दहा पावलांवर पुन्हा थांबले. "इथून तर आणखीच छान दिसतो."

शेडच्या दारात तिसऱ्यांदा वळून बोगनवेलीकडे बघायला लागले तेव्हा चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "धा वर्सं झाली, साहेबांनी या येलीकडं ढुंकून बघितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच प्रयोगशाळेत आल्या. डबा नव्हता.

"शालन, आत येऊ का गं? हे वर शेळ्यांत आहेत, तोवर बोलते." त्या स्टुलावर टेकल्या. "यांचं काही खरं नाही. रात्री आडवे होतच नाहीत. खुर्चीत बसून झोपतात. विचारलं तर म्हणतात, विचार करतोय. परवा नव्या चपला आणल्या, एक नंबर मोठ्या. मी म्हटलं, या वयात पाय वाढले का तुमचे?"

"डॉक्टरांकडे—"

"म्हटलं ना. चारदा म्हटलं. म्हणतात, माणसांच्या डॉक्टरांवर माझा विश्वास नाही. ते पेशंटला तोंडानं विचारतात आणि पेशंट थापा मारतो. बकरी थापा मारत नाही. आणि समिती येऊन जाईपर्यंत मला वेळ नाही." वहिनींनी पदरानं कपाळ पुसलं. "यांचे वडील असेच धापा टाकत होते. तेही म्हणाले होते, पेरणी उरकू दे, मग बघू. पेरणी उरकलीच नाही गं. मला भीती वाटते."

वहिनींच्या तोंडून 'भीती' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, मी बोलून बघते.

बोलले. सर म्हणाले, "सुलभा आली होती वाटतं. देशिंगकरबाई, तुम्ही तीन नंबरच्या आकड्यांकडे लक्ष द्या. माझे आकडे माझी बायको बघते." आणि धाप लागली म्हणून मधेच थांबून खिडकीबाहेरची बोगनवेल बघू लागले.

त्या आठवड्यातली गोष्ट. घरून आईनं मटार पाठवला होता, तो मी जेवणाच्या सुट्टीत सोलत बसले होते. हात रिकामे नव्हते, म्हणून कोपरानं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. नवी कॅसेट होती, कालचीच. पुढे पळवायला बोट मोकळं नव्हतं. टेप सुरुवातीपासून वाजायला लागली.

दुडक्या चालीचं घोडं. भरधाव. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.

माझा सोलायचा हात थांबला. मला वाटलं, गुलछडी. कुणीतरी चुकून तिचा पेसमेकर चालू केला, आणि हृदय पुन्हा ढासळलं. बिचारी आज-उद्यात जाणार. मी चाचांना हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेपमधून आवाज आला.

"झालं का बाई? शर्ट घालू का?"

मटाराची शेंग माझ्या हातून खाली पडली.

मग मी कपाटातल्या सगळ्या कॅसेट काढल्या आणि एकेकीची फक्त सुरुवात ऐकत गेले. दसऱ्याची पहिली कॅसेट. खरोखर मिरज जंक्शनचं घड्याळ, संथ आणि भरदार. दिवाळीनंतर जरा घाई. नाताळच्या सुमाराला पळापळ. संक्रांतीला तर गाडी सुटलेली. आणि फेब्रुवारीपासून तो तिसरा आवाज, आधी पुसट, मग स्पष्ट. अर्धं वर्ष सरांचं हृदय आम्ही दर आठवड्याला टेप करत होतो आणि दर आठवड्याला पुढे पळवत होतो.

संध्याकाळी मी वहिनींच्या स्वयंपाकघरात गेले. चाचांनाही बोलावलं. सर समितीसाठी तक्ते करत पुढच्या खोलीत बसले होते, म्हणून आम्ही कुजबुजत होतो.

"आता यांना ऐकवू या सरळ," वहिनी म्हणाल्या.

"ऐकवलं तर म्हणतील, मायक्रोफोन बिघडलाय," मी म्हटलं. "सरांना सरांबद्दल काही पटत नाही, वहिनी. त्यांना फक्त शेळीचं पटतं."

वहिनींनी कढीखालचा गॅस बारीक केला आणि माझ्याकडे बघितलं. चाचांनीही बघितलं.

"मग शेळीच करा की त्यास्नी," चाचा म्हणाले.

शनिवार उजाडला. सर नेहमीसारखे खुर्चीत बसले, चेहरा जरा करडा. वहिनी डबा घेऊन आल्या आणि आज परत जाण्याऐवजी दाराआडच्या बाकावर लोकर विणत बसल्या. मार्चच्या उन्हात लोकर. सरांच्या ते लक्षात आलं नाही.

मी टेपरेकॉर्डर लावला. शेजारी दुसरा एक होता, भाषणं टिपायचा, त्याचं रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवलं आणि वर रुमाल टाकला.

"लावा," सर म्हणाले आणि डोळे मिटले.

ठोके सुरू झाले. सरांच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण पाठ ताठ झाली.

"ही कोण?"

"ओळखा ना, सर."

"दोन नाही. पाच नाही..." ते ऐकत राहिले. "तीन पण नाही. ही आपल्यातली नाहीच. नवी आणलीत? मला न विचारता?"

"नवी नाही सर. जुनीच आहे. पहिल्यापासूनची."

"शक्य नाही. मी सगळ्यांना ओळखतो." पुन्हा ऐकलं. "अहो, हिचा पेसमेकर चालू आहे. फेब्रुवारीत बंद केला होता ना सगळ्यांचा? कुणी चुंबक फिरवला? मुजावर?"

"मी न्हाई फिरवला," चाचा म्हणाले. "आपआपच चालू झालाय म्हनायचा."

"आपोआप कसा होईल? आणि केव्हापासून आहे हे?"

"संक्रांतीपासून तरी आहे," मी म्हटलं.

सरांनी डोळे उघडले. रागावले की ते आणखी हळू बोलत. "संक्रांतीपासून एक जनावर या अवस्थेत आहे आणि तुम्ही मला आज सांगताय. खाणं?"

"कमी झालंय. डबा... म्हणजे चारा, निम्मा परत येतो."

"पाय सुजलेत?"

"सुजलेत, सर."

"आडवी होते?"

"नाही. बसून झोपते."

दाराआड विणायच्या सुया थांबल्या.

"आणि तिला चढ चढवता रोज?"

"ऐकत न्हाई ती," चाचा म्हणाले. "लई हट्टी हाय. मधी मधी येल बघत थांबती."

"वेल कसली बघते? खाते का?"

"न्हाई. नुसती बघती."

सर उठायला गेले आणि पुन्हा बसले. टेबलावर बोट आपटत म्हणाले, "लिहून घ्या. आजच्या आज हिचं पळणं थांबवा. काहीही करा. मीठ बंद. चढ बंद. स्वतंत्र, शांत जागी ठेवा, कुणीही जवळ जाऊन त्रास द्यायचा नाही. महिनाभर तिला कामाला लावायचं नाही."

"पण समिती, सर—"

"समिती गेली खड्ड्यात. समितीसाठी मुकं जनावर मारणार का तुम्ही? हे हृदय अजून परत येईल, बाई. मी ठोके ऐकून सांगतो, अजून वेळ गेलेली नाही. पण आणखी पंधरा दिवस असंच पळवलंत तर मग मी काय आणि ब्रह्मदेव काय." ते थांबले, श्वास घेतला. "जनावराला बोलता येत नाही म्हणून त्याचे हाल करायचे नसतात. नंबर काय तिचा?"

"नंबर नाही, सर."

"कानात बिल्ला?"

"नाही."

"मग मी ओळखायची कशी?"

मधेच थांबवून ठेवलेली टेप मी पुन्हा सुरू केली. ठोके आणखी थोडे पुढे गेले आणि मग त्यांचाच आवाज आला.

"झालं का बाई? शर्ट घालू का?"

बाहेर शेडमध्ये चंपी ओरडली. सरांनी टेपरेकॉर्डरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चाचांकडे. चाचा छताकडे बघत होते.

"पुन्हा लावा," सर म्हणाले.

मी लावलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. उजवा हात शर्टाच्या बटणांमधून आत नेला आणि टेपमधले ठोके आणि हाताखालचे ठोके असे एकत्र ऐकत राहिले.

"मुजावर, तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय कळतंय साहेब. मी चारा घालनारा मानूस."

"सुलभा बाहेर आहे का?"

"आहे," दाराआडून आवाज आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. आणि टेपपण केलंय." वहिनी आत आल्या आणि त्यांनी दुसऱ्या टेपरेकॉर्डरवरचा रुमाल उचलला. "मीठ बंद, चढ बंद, समिती खड्ड्यात. तुमच्या आवाजात. नाकबूल झालात तर दारासमोर लाउडस्पीकर लावून ऐकवीन."

सर त्या फिरणाऱ्या चकत्यांकडे बघत बसले. मला वाटलं, आता माझी नोकरी जाते. मग ते म्हणाले, अगदी हलक्या आवाजात, "माझ्यात पेसमेकर नाही, बाई. बंद काय करणार?"

"त्याचा चुंबक माणसांच्या डॉक्टरांकडे असतो, सर."

त्यावर ते हसले नाहीत. पण मान हलवली. आणि दारापर्यंत गेल्यावर, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून उभे असताना, एकदम वळले.

"दसऱ्याची कॅसेट आहे ना तुमच्याकडे? अगदी पहिली?"

"आहे."

"म्हणजे निरोगी असल्यापासून सगळं टेप आहे." त्यांचे डोळे, इतक्या त्रासात, चमकले. "असं जनावर आपल्याला एकही मिळालं नव्हतं. देशिंगकरबाई, एकाही कॅसेटवर दुसरं काही टेप करू नका. आणि दर शनिवारी दवाखान्यात मशीन घेऊन या."

"चला आधी," वहिनी म्हणाल्या.

मिरजेतल्या डॉक्टरांनी तपासलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक उनाड जागा निघाली, ती स्वतःच्या मनानं ठोके सोडत होती आणि बाकीचं हृदय तिच्यामागे फरफटत पळत होतं. गोळ्यांनी तिला आवरलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. सर म्हणाले, हे मी आधीच सांगितलंय, टेप आहे. वहिनींनी त्यांना महिनाभर घराबाहेर सोडलं नाही. मी शनिवारी मायक्रोफोन घेऊन जायची. घोडं आधी थकलं, मग चालायला लागलं, आणि एका शनिवारी तिसरा आवाज शोधूनही सापडला नाही.

समिती आली तेव्हा तक्ते मीच दाखवले. बऱ्या झालेल्या शेळ्यांच्या हृदयाचे तुकडे कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर आजारी आहेत, त्यांच्याशिवाय निर्णय होणार नाही. त्यांनी मुदत दिली, कुरकुरत.

मे महिन्यात सर पहिल्यांदा चढ चढून शेडमध्ये आले. मधे कुठेही न थांबता. बोगनवेल तेव्हा ऐन बहरात होती, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिन्ही शेळ्या पुढे आल्या, त्यांच्या पायजम्याची नाडी चघळायला लागल्या. सर चंपीच्या छातीला हात लावून उभे राहिले.

"छान," म्हणाले.

चाचा पेंढी सोडत होते. ती त्यांनी खाली ठेवली, हात झटकले आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, तुमीबी आता छान दिसताय."

"वाटतंयही छान, मुजावर."

"दिसनं येगळं, साहेब. आतनं बघितल्याबिगर खात्री कशी द्यायची?"

मी तोंडात पदर घातला. सरांचा हात चंपीच्या बरगड्यांवरच राहिला. चाचा चेहऱ्यावरची माशीही न हलू देता उभे होते. किती वेळ गेला कोण जाणे, चंपीनं तेवढ्यात अर्धी नाडी गिळली.

"देशिंगकरबाई," सर शेवटी म्हणाले, "तो मानेच्या शिरेतून आत घालायचा बारीक चिमटा असतो ना, मिरजेच्या डॉक्टरांकडे आहे का विचारा. शेळी न कापता हृदयाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा आला तरी बघू. आकडे धूसर येतील."

"येतीलच, सर."

"येऊ देत."

आणि खालून वहिनींची हाक आली, "अहो, गोळी." मी मनात मोजायला लागले, दुसरी हाक, तिसरी हाक, चौथी. पण सरांनी पहिल्याच हाकेला "ओ, आलो" म्हटलं आणि निघाले. वहिनी अंगणात हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. त्या इतक्या चकित झाल्या की गोळी हातातच राहिली.

आकडे धूसरच आले. घंटा परत लागल्या होत्या, सगळ्या नाही, पण बऱ्याच. आम्ही ते छापायला पाठवलं तोवर परदेशातल्या कुणीतरी पुष्कळ कुत्र्यांवर तेच काम जास्त रेखीव करून छापलं होतं. सरांनी तो अंक मला वाचून दाखवला आणि म्हणाले, "यांच्याकडे दसऱ्याची कॅसेट नाही."

ट्रस्टनं पुढे संस्था बंद केली. त्या माळावर आता मंगल कार्यालय आहे, बोगनवेल मात्र तिथेच आहे. रेश्मा आणि गुलछडी मुजावरचाचांनी घरी नेल्या. चंपीलाही नेलं, तिला दोनदा जुळी झाली आणि ती म्हातारी होऊन मेली. चाचा तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेले. त्यांचा नातू मिरजेत जनावरांचा डॉक्टर आहे आणि शेळ्यांना नंबर देतो. सर त्या उन्हाळ्यानंतर एकवीस वर्षं जगले आणि गेले ते न्युमोनियानं, हृदय शेवटपर्यंत चालत होतं. वहिनी त्यांच्यामागे सहा वर्षं होत्या. मी गेले की त्या एकच गोष्ट सांगायच्या, त्या मे महिन्यापासून हे पहिल्या हाकेला ओ द्यायचे, आणि मला सवय नव्हती म्हणून कितीदा तरी हाक मारून पुढे काय बोलायचं तेच आठवायचं नाही.

मी अजून आहे. कॅसेट माझ्या कपाटात आहेत, वाजवायला यंत्र नाही. मध्यंतरी मला चढावर जरा धाप लागायला लागली. आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक गुलमोहर आहे. मी त्याच्याखाली थांबले, वर बघितलं, काय सुंदर फुललाय असं मनाशी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली.